डोळ्यादेखत

फिरोजच्या दुकानात बकरं भिंतीमागं कापलं जायचं, आणि सगळ्या दुखण्याचं मूळ ती भिंतच होती.

भिंत तशी काही मोठी नव्हे. पुढं दुकान, मागं घर, मधे मोकळी जागा, आणि त्या जागेत फिरोजच्या बापानं, ख्वाजाभाईंनी, स्वतःच्या हातानं घातलेली पुरुषभर उंचीची आडभिंत. बकरं एकेक करून तिच्याआड न्यायचं. आधी पाणी पाजायचं, सुरा त्याच्या नजरेला पडू द्यायचा नाही, आणि एकाचं चाललेलं दुसऱ्यानं बघायचं नाही. बाकीची पलीकडं लिंबाखाली पाला चघळत उभी. ख्वाजाभाई म्हणायचे, मरणार तर ते आहेच, पण भिऊन मरावं असा काय गुन्हा केलाय त्यानं? धर्मात सांगितलंय म्हणून तर ते हे करायचेच, पण धंद्याच्या हिशेबानंही करायचे, कारण भ्यालेल्या जनावराचं मटण वातड होतं, कुकरच्या कितीही शिट्ट्या घ्या. बाप गेला, भिंत राहिली, रीत राहिली, आणि बरीच वर्षं अंबाजोगाईत कुणाची त्याबद्दल तक्रार नव्हती.

मग कुठून तरी एक व्हिडिओ आला. कुण्या खाटकानं म्हणे मेलेलं बकरं सोलून विकलं. गाव कोणतं, खाटीक कोण, खरं की खोटं, कुणालाच पत्ता नाही. पण ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तो येऊन पडला, आणि त्या दिवसापासून सगळ्या गावाला एकच खूळ लागलं. डोळ्यादेखत कापा. आता ज्या माणसांनी जन्मात कधी दूधवाल्याची म्हैस बघितली नाही, हॉटेलातलं पनीर कशाचं आहे हे विचारलं नाही, त्यांना बकरं मात्र डोळ्यादेखत पाहिजे होतं. काय बोलायचं या लोकांपुढं?

आणि नेमकं रस्त्याच्या पलीकडं फराजचं दुकान. फराज फिरोजचा चुलतभाऊ, वयानं लहान, डोक्यानं तल्लख. पांढऱ्या फरश्या, वर झगझगीत लाइट, आणि दारातच एका दोरीला ओळीनं बांधलेली बकरी. गिऱ्हाइकानं बोट दाखवायचं की फराजची माणसं ते तिथंच, बाकीच्यांच्या पुढ्यात कापायची. बाकीची थरथर कापायची, दोरीला हिसडे द्यायची, एखादं उभ्या जागी मुतायचं. लोक म्हणायचे, बघा, जनावर कसं चपळ आहे. फिरोजच्या मस्तकात तिडीक जायची. ते चपळ नाही, भ्यालंय ते, हे त्याला ओरडून सांगावं वाटायचं. ती बकरी कुठून येतात हेही त्याला ठाऊक होतं. आठवडी बाजारातून व्यापारी पिकअपमधे कोंबून आणायचे, पाय एकमेकांत अडकलेले, आणि वजन भरावं म्हणून आदल्या दिवशी मीठ चाटवून पाणी पाजलेलं. पण बोलायची सोय नव्हती. बोलला असता तर लोक म्हणाले असते, भावाच्या धंद्यावर जळतो.

तसा फराज वाईट नव्हता. ईदेला यायचा, फिरोजच्या बायकोच्या, आर्जूभाभीच्या हातचा शीरखुर्मा खायचा आणि जाताना म्हणायचा, "भाईजान, लोगां जो देखना चाहते, वो दिखाव ना." फिरोज सुरा पुसत राहायचा. बोलून काय उपयोग, समोरच्याची रांग बोलत होती.

फिरोजची सगळी बकरी वच्छलाबाईकडची. बालाघाटाच्या डोंगरात तिची वस्ती, साठीला टेकलेली बाई, पोरी लग्न होऊन गेलेल्या, नवरा जाऊन जमाना झाला. काळ्याभोर शेळ्या, कानांवर पांढरे ठिपके, दिवसभर डोंगराला बोरी-बाभळी ओरबाडत हिंडणाऱ्या. बाई कळपामागं काठी घेऊन चालायची, पण काठी तिनं कुणावर उगारलेली फिरोजनं बघितली नव्हती. बकरं विकायच्या तिच्या अटी होत्या. व्यापारी नको, फिरोजनं स्वतः यायचं. पाय बांधायचे नाहीत. टेम्पोत खाली पालापाचोळा टाकायचा. आणि शेवटची अट तिनं पहिल्याच खेपेला टेम्पोच्या फळीवर हात ठेवून सांगितली होती, माझ्या बकऱ्यानं दुसऱ्याचं रगत बघू नये. फिरोजनं तिला जबान दिली होती. भिंत होतीच, जबान द्यायला त्याचं काय जात होतं? तेव्हा काही जात नव्हतं.

आता मात्र दुकान हळूहळू बसत चाललं होतं. सगळ्यात लागलं ते अर्जुनरावांचं. कारखान्यात नोकरी करून रिटायर झालेला माणूस, ख्वाजाभाईंच्या काळापासून दर रविवारी पिशवी घेऊन येणारा. एका रविवारी फिरोजनं त्यांना पलीकडं रांगेत बघितलं. अर्जुनरावांनीही त्याला बघितलं आणि पिशवीची घडी घालायला सुरुवात केली. पुढं कधीतरी चहाच्या टपरीवर गाठ पडली तेव्हा फिरोजनं सरळच विचारलं. अर्जुनराव म्हणाले की माझा तुझ्यावर भरोसा नाही असं अजिबात नाही, पण घरी सून विचारते, भिंतीमागं काय कापतात ते तुम्ही बघितलं का, मग मी काय सांगू? फिरोज म्हणाला, या ना मागं, बघा. तर म्हणाले, छे, मला रक्त बघवत नाही. आता बोला. ज्याला स्वतःला रक्त बघवत नाही तो माणूस रक्त दिसतं म्हणून समोरच्या दुकानात जात होता.

आखाड लागला. आखाडाचे रविवार म्हणजे या धंद्याची सुगी. पुढं श्रावण, मग गणपती, मग पितरं, मग नवरात्र, अर्ध्या गावाच्या घरात मटण शिजत नाही. आखाडात जो तरला तो दिवाळीपर्यंत तरला. पहिला रविवार आला आणि भिंतीमागं कापलेली दोन बकरी संध्याकाळपर्यंत आकड्याला तशीच लटकून राहिली. फिरोज माशा वारत बसला. शेवटी निम्मं मटण दर पाडून हॉटेलवाल्याला दिलं आणि निम्मं फ्रीजमधे टाकलं.

त्या रात्री जेवताना त्यानं आर्जूला सांगून टाकलं की भिंत पाडावी लागेल. पुढं दोरी बांधू, बकरी ओळीनं उभी करू, लोकांना जे पाहिजे ते दाखवू. आर्जू म्हणाली, मग वच्छलामावशी बकरी देईल का? नाही देणार. मग बाजारातली आणावी लागतील, मिठाची, पिकअपची. म्हणजे भिंत ठेवली तर दुकान जातं आणि पाडली तर बकरी जातात. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. फिरोजनं ताट पुढं सरकवलं. आर्जूनं ते परत त्याच्यापुढं ओढलं आणि तिला जे सुचलं ते सांगितलं. लोकांना भिंतीमागचं दिसत नाही ना, मग जिनं ही बकरी वाढवली तिलाच दुकानात पुढं बसवा. ती सांगेल, ही माझी बकरी, काल संध्याकाळपर्यंत डोंगरात चरत होती. जित्या माणसाच्या तोंडावर तरी लोक विश्वास ठेवतील.

फिरोजला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. यात कुठं खोट आहे असं कुणाला वाटलं असतं?

तो डोंगरात गेला तेव्हा वच्छलाबाई एका करडाच्या खुरातला काटा काढत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी साफ नाही म्हणाली. मटणाच्या दुकानात बसून मी म्हातारीनं काय करायचं, मला बाजारात सुद्धा कुणी विचारत नाही. फिरोजनं तिला दुकानाची गत सांगितली. फराजच्या दारातली दोरी सांगितली. ते ऐकून मात्र बाईचा हात थांबला.

"भित पाडनार हायस का तू?"

"पाडायचं मनात न्हाई, मावशी. पन दुसरा विलाज न्हाई ऱ्हायला."

बाईनं काटा काढून फेकला, करडाला सोडलं. "येते मग. पन लटकावलंय तिकडं पाठ करून बसन. मला बघवनार न्हाई."

फिरोजला तेवढं पुरे होतं. त्यानं आनंदानं चार बकरी टेम्पोत चढवली, पालापाचोळा टाकला, पाय मोकळे ठेवले, आणि घाट उतरताना त्याला कितीतरी दिवसांनी गाणं सुचलं.

रविवारी वच्छलाबाई सकाळच्या एसटीनं आली. इरकली लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकवाच्या जागी बुक्क्याचा ठिपका, हातात काठी. आर्जूनं तिला दुकानाच्या पायरीजवळ खुर्ची टाकून दिली, तोंड रस्त्याकडं, पाठ आकड्याकडं. फिरोजनं मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून लावलं होतं, डोंगरात चरलेली बकरी, पाळणारी मावशी स्वतः हजर. समोर फराजनं ते वाचलं आणि हसून हात हलवला.

आणि काय सांगू, चाललं की ते. आधी दोन बाया थांबल्या. त्यांनी विचारलं, काय खायला घालता? वच्छलाबाईला हा विषय मिळाल्यावर ती कशाला थांबते. बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, हिवराच्या शेंगा, उन्हाळ्यात लिंब. कोणती शेंग कधी चांगली, कोणत्या पाल्यानं दूध वाढतं, आजारी पडलं तर काय पाजायचं, काळ्या कानांवरचे पांढरे ठिपके ही आपल्या कळपाची खूण कशी. कॉलेजची पोरं उभी राहिली, एकानं मोबाइल काढला. घोळका झाला. पलीकडच्या रांगेतली काही माणसं मान वळवून बघायला लागली, मग दोघं-तिघं रस्ता ओलांडून आली. फिरोजचा सुरा चालायला लागला. आर्जू दाराच्या फटीतून बघत होती आणि तिच्या तोंडावर असं हसू होतं की विचारू नका. फिरोज मनात म्हणाला, खऱ्याला मरण नाही.

तेवढ्यात अर्जुनराव आले. हातात तीच पिशवी. घोळक्यात पुढं येऊन त्यांनी वच्छलाबाईला रामराम केला, गाव विचारलं, पाऊस विचारला. मग अगदी सहज, चांगल्या मनानं, खरं म्हणजे फिरोजचीच बाजू धरावी म्हणून त्यांनी विचारलं,

"मावशी, मंग तुमी सोता हितलंच मटन खात असाल?"

"न्हाई," वच्छलाबाई म्हणाली. "मी हितलं खात न्हाई."

अर्जुनरावांना वाटलं आपलं ऐकायचं चुकलं. "कावून?"

"मन व्हत न्हाई," बाई म्हणाली.

आता बघा. शेळ्या पाळणाऱ्या कितीतरी बाया घरच्या कळपातलं खात नाहीत. ज्याला हातानं पाला दिला त्याचा घास उतरत नाही. वच्छलाबाई मटण खाते, जावई आला की विकत आणून रांधते, जत्रेत कुणी वाढलं तर दोनदा मागून घेते, पण ते परक्याच्या बकऱ्याचं. फिरोजच्या दुकानात तर सगळीच तिची, मग ती तिथलं कशी खाईल? हे फिरोजला ठाऊक नव्हतं का? पक्कं ठाऊक होतं. बकऱ्यांच्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसाला ते इतकं ठाऊक असतं की यात काही सांगण्यासारखं आहे, आधी ठरवून ठेवण्यासारखं आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आर्जूच्या आलं नाही. वच्छलाबाईच्या तर येणारच नव्हतं. तिला कुणी विचारलं, तिनं खरं ते सांगितलं.

पण घोळक्याला ऐकू आलं ते एवढंच की मालकीणच हे मटण खात नाही. कुणीतरी मागून म्हणालं, बघा, तिलाच भरोसा नाही. एक बाई पुडकं परत ओंडक्यावर ठेवून निघाली. फिरोज सुरा हातात घेऊनच बाहेर आला आणि समजावून सांगायला लागला की तसं नाही, ऐका, तिची माया आहे बकऱ्यांवर म्हणून ती खात नाही. पण तो घाईत बोलत होता, आवाज चढला होता, हातात सुरा होता, आणि जितकं तो खरं सांगत होता तितकं ते खोटं वाटत होतं. मोबाइलवालं पोरगं तेही शूट करत होतं. अर्जुनराव फार ओशाळले, म्हणाले, जाऊ दे फिरोज, पुढच्या रविवारी बघू. पायरीपुढची जागा मोकळी झाली. पलीकडं फराजची रांग कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानापर्यंत गेली होती.

फिरोजचं टाळकं सरकलं. आयुष्यात तो वच्छलाबाईशी वर आवाजात बोलला नव्हता, पण त्या वेळी बोलला. "मावशी, येवढं एक हो म्हनला असता तर तुमचं काय गेलं असतं? एक शब्द. तुमच्याच बकऱ्यांसाटी मी भित धरून बसलोय आन् तुमीच माज्या दुकानाला कुलूप लावलं."

वच्छलाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती तशीच बसून राहिली. तिला आता कळलं होतं आपल्या तोंडून काय झालं ते. खोटं बोलून ते निस्तरणं तिला जमणार नव्हतं, ती तशी बाईच नव्हती. मग ती उठली आणि आर्जूला म्हणाली, "पोरी, चूल हाय का पेटलेली? कलेजी भाज मला."

आर्जूनं फिरोजकडं बघितलं. फिरोज म्हणाला, राहू द्या मावशी, मी रागात बोललो. बाईनं त्याचं ऐकलंच नाही. तिनं मघापासून पहिल्यांदाच मान वळवली आणि आकड्यावरच्या सगळ्यात अलीकडच्या बकऱ्याकडं बघितलं.

"कोन्चं हाय ह्ये?"

फिरोजला सांगवेना. पण तिच्याशी खोटं बोलायची त्याचीही टाप नव्हती. ते गेल्या पावसाळ्यात ढाळ लागून मरायला टेकलेलं बकरं होतं, तिनं डाळिंबाची साल उकळून चमच्याचमच्यानं पाजून जगवलेलं. त्यानं तसं सांगितलं. बाईनं मान डोलावली आणि परत खुर्चीवर जाऊन बसली, तोंड रस्त्याकडं.

आर्जूनं कलेजी तव्यावर भाजली, मीठ-मिरी लावली, स्टीलच्या ताटलीत आणून दिली. वच्छलाबाईनं ताटली मांडीवर घेतली आणि खायला सुरुवात केली. सावकाश, एकेक तुकडा, सगळ्या रस्त्यासमोर. जाणारे थांबले. अर्जुनराव कोपऱ्यापर्यंत गेले होते ते परत आले. बाई रडली नाही, तोंड वाकडं केलं नाही, मधे पाणीसुद्धा मागितलं नाही. ताटली रिकामी झाल्यावर तिनं पदराला बोटं पुसली आणि अर्जुनरावांना म्हणाली, "खाल्लं. आता घ्या."

अर्जुनरावांनी पिशवी पुढं केली. त्यांच्या मागं सगळा रस्ता आला. सकाळी कापलेली तिन्ही बकरी दुपारच्या आत संपली, चौथंही भिंतीआड न्यावं लागलं. फिरोज तोलत होता, आर्जू पुडकी बांधत होती, आणि फराज आपल्या दारात उभा राहून टाळ्या वाजवायची खूण करत होता. या गडबडीत वच्छलाबाई कधी उठून एसटीला गेली ते कुणी बघितलं नाही. आर्जूनं तिच्यासाठी चहा केला होता, तो ओट्यावर गार झाला.

मावशी कलेजी खातानाचे ते व्हिडिओ परळीपर्यंत गेले, माजलगावापर्यंत गेले. आठवडाभर दुकानात फोन येत होते. आज्जीच्या बकऱ्याचं मटण तुमच्याचकडं मिळतं का? रविवारी किती वाजता यावं? फिरोजनं भिंतीला नवा चुना लावला. आखाडाचा शेवटचा रविवार यायचा होता आणि त्याला वाटत होतं की आता गाडी रुळावर आली. तो टेम्पो घेऊन डोंगरात गेला, बरोबर आर्जूनं दिलेलं लुगडं घेऊन.

वच्छलाबाईनं लुगडं घेतलं, पाणी दिलं, बस म्हणाली. फिरोजनं माफी मागितली. ती म्हणाली, तुझं काही चुकलं नाही, पोटासाठी माणूस बोलतो. मग त्यानं बकऱ्यांचं काढलं, या वेळी जरा जास्त लागतील म्हणाला. बाई शेळ्यांच्या वाडग्याकडं बघत बसली. वाडगं निम्मं मोकळं होतं.

"न्हाईत आता," ती म्हणाली. "बाजारात दिली. व्यापाऱ्याला."

फिरोजला आधी काही समजेना. ज्या बाईनं व्यापाऱ्याला कधी वस्तीची पायरी चढू दिली नाही, तिनं? त्यानं विचारलं, मीठ चाटवतात ते ठाऊक आहे ना, पिकअपमधे कसं कोंबतात ते ठाऊक आहे ना, आणि पुढं कुठं कापतात ते? त्याचा आवाज पुन्हा चढत होता. बाईनं त्याला बोलू दिलं.

"समदं ठावं हाय, बाबा," ती म्हणाली. "तुज्याकडं दिलं की मला कळतंय कोन्चं कवा गेलं, कुटं गेलं. आन् आता तर त्याची चव बी कळली. रातच्याला वाडग्यात गेले की समदी माज्या तोंडाकडं बघत्यात. बाजारात दिलं म्हंजे गेलं. कुनी नेलं, कसं कापलं, कुनी खाल्लं, मला काय बी कळत न्हाई. तेवडंच बरं वाटतंय."

"आन् त्येंचं काय, मावशी? बकऱ्यांचं?"

बाई उठून उरलेल्या शेळ्यांना पाला टाकायला लागली. फिरोजला इतका संताप आला की डोळ्यात पाणी आलं. कुणावर चिडायचं तेच कळत नव्हतं. हिच्यावर चिडावं तर हिनं आपल्यासाठी तो घास गिळलेला. स्वतःवर चिडावं तर आपण मागितलं काय होतं, एक खरी साक्ष. ज्या बकऱ्यांनी भिऊन मरू नये म्हणून हा सगळा खटाटोप, तीच आता पिकअपमधे पाय अडकवून उभी होती. त्यानं टेम्पो वळवला. घाट उतरून तो सरळ बाजारात गेला, त्या व्यापाऱ्याला शोधलं, ती काळी बकरी मला दे म्हणाला, सांगशील त्या भावात. व्यापारी म्हणाला, कालच एकगठ्ठा गेली. कुणाला दिली ते फिरोजनं विचारलं नाही, आणि मुकाट्यानं दुसरी दोन बघून टेम्पोत घातली.

शेवटच्या रविवारी उजाडायच्या आतच लोक यायला लागले. फिरोजनं दुकान उघडलं आणि समोर बघितलं. फराजच्या दारातल्या दोरीला सात काळी बकरी बांधलेली होती, कानांवर पांढरे ठिपके. एकाच्या डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं होतं, ते करडू असताना कड्यावरून पडलेलं, फिरोज तेव्हा तिथंच होता. फराजला बिचाऱ्याला काय माहीत, त्याच्या लेखी बाजारातला माल. त्यानं पहिलं बकरं दोरीतून सोडवलं आणि तिथंच आडवं केलं. बाकीची सहा आधी नुसतीच बघत राहिली. त्यांनी असलं काही कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी जो आवाज काढला तो फिरोजला रस्त्याच्या अलीकडं ऐकवेना.

तोपर्यंत त्याच्या पायरीशी रांग लागली होती. सगळ्यात पुढं अर्जुनराव, मागं कॉलेजची पोरं, परळीहून गाडी करून आलेली दोन कुटुंबं. फिरोजनं भिंतीआड जाऊन बाजारातलं एक बकरं कापलं, नेहमीच्याच रीतीनं, पाणी पाजून, आणि आकड्याला लावलं. अर्जुनरावांनी पिशवी उघडली आणि मागच्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"त्या मावशीच्याच बकऱ्याचं हाय न्हवं ह्ये?"

आर्जू दारात उभी होती. तिनं फिरोजकडं बघितलं आणि हळूच मान हलवली, हो म्हण. एकच शब्द होता. गेल्या रविवारी त्यानं तोच शब्द दुसऱ्याकडं मागितला होता.

"न्हाई," फिरोज म्हणाला. "ह्ये बाजारातलं हाय. मावशीची ती बगा, समोर बांदल्यात."

अर्जुनरावांनी वळून बघितलं. रांगेनं वळून बघितलं. काळी बकरी, कानांवर पांढरे ठिपके, मावशीनं व्हिडिओत सांगितली होती तशीच. कुणी काही विचारलं नाही, कुणाला शंका आली नाही. ते डोळ्यादेखतचं खूळ लागल्यापासून पहिल्यांदा सगळ्यांनी फिरोजच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि अर्जुनरावांच्या मागोमाग अख्खी रांग रस्ता ओलांडून गेली.